गरोदरपणातली धडधड : साधी कोणती, धोक्याची कोणती?

युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजी या संस्थेने ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस माद्रिद येथील परिषदेत गरोदरपण आणि हृदयविकार या विषयावरची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. याआधीची तत्त्वे २०१८ची होती. मधल्या काळात, २०२३ मध्ये, अमेरिकेतील हार्ट ऱ्हिदम सोसायटीने केवळ हृदयाच्या लयीतील बिघाड आणि गरोदरपण एवढ्याच विषयाला वाहिलेले तज्ज्ञांचे निवेदन प्रसिद्ध केले होते. दोन्ही दस्तऐवज वैद्यकीय वर्तुळात वाचले गेले, परिषदांमधून त्यांची चर्चाही झाली; पण सर्वसामान्य वाचकांपर्यंत त्यातले फारसे काही आले नाही. खरे तर ज्या घरात लग्नाच्या किंवा बाळंतपणाच्या वयाची मुलगी आहे आणि तिला अधूनमधून ‘छातीत धडधडते’, त्या घराशी या विषयाचा थेट संबंध आहे.

आपल्याकडे हा विषय आत्ताच महत्त्वाचा का, हे आकडेवारीतून कळते. नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार देशात २०१४-१६ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर आले आणि महाराष्ट्रात तर ३३ वर. रुग्णालयातली बाळंतपणे वाढली, १०८ ची रुग्णवाहिका आली, रक्त मिळण्याची सोय सुधारली. अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि रक्तदाबामुळे येणारे झटके या जुन्या शत्रूंविरुद्धची लढाई संपलेली नाही, पण ती कशी लढायची हे यंत्रणेला कळले आहे. ही कारणे जसजशी मागे हटतात, तसतशी उरलेल्या मृत्यूंमध्ये दुसऱ्या कारणांची टक्केवारी वाढू लागते. त्यात हृदयविकार वरच्या क्रमांकावर असतो. ब्रिटनमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. तिथे कित्येक वर्षे मातांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत हृदयविकार आहे आणि त्यातल्या काही मृत्यूंमध्ये शवविच्छेदनात हृदयाची रचना अगदी निरोगी आढळते. दोष असतो तो लयीत, म्हणजे विजेच्या जोडणीत. केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून असाच उपक्रम चालवला आहे.

भारतातील परिस्थितीचे सर्वात बोलके चित्र चेन्नईतून आले. मद्रास मेडिकल कॉलेजने जुलै २०१६ ते डिसेंबर २०१९ या काळात हृदयविकार असलेल्या १००५ गरोदर स्त्रियांच्या १०२९ गरोदरपणांची नोंद ठेवली. मातामृत्यूचे प्रमाण १.९ टक्के निघाले. हृदयाशी संबंधित गंभीर गुंतागुंत १५ टक्क्यांहून थोड्या अधिक गरोदरपणांत झाली. पण या नोंदींमधला सर्वात अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे. १०२९ पैकी ६२३ गरोदरपणांत, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक वेळा, हृदयविकार आहे हे प्रथमच गरोदरपणात कळले. लहानपणी शाळेत, वयात येताना किंवा लग्नापूर्वी तिच्या छातीला कोणी स्टेथोस्कोप लावला नसावा, किंवा लावला तरी नीट ऐकले नसावे. ‘गरोदरपणाआधी तयारी करा’ हे युरोपातील तत्त्वांचे पहिले पान आपल्याकडे निम्म्याहून अधिक स्त्रियांना लागूच पडत नाही, कारण तयारी कशाची करायची हेच ठाऊक नसते.

गरोदरपणात हृदयावर किती भार येतो याची कल्पना बहुतेकांना नसते. शरीरातील रक्ताचे आकारमान चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते. हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त फेकते, तेही तीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी जलद होते. वाढलेल्या रक्ताने हृदयाचे कप्पे थोडे ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू विजेच्या बाबतीत चिडका असतो. त्यात संप्रेरकांची भर. एरवी वर्षा-दोन वर्षांतून एकदा डोके वर काढणारा लयीचा दोष या नऊ महिन्यांत वारंवार त्रास देऊ लागतो तो यामुळे. ज्याचा पत्ताच नव्हता असा दोषही याच काळात पहिल्यांदा उघड होतो. प्रसूतीच्या कळांमध्ये भार आणखी वाढतो; आणि वार पडल्यावर गर्भाशय आकसले की तिथले रक्त एकदम मुख्य प्रवाहात येते. म्हणून ‘सुटका झाली’ असे घरचे म्हणत असतात तेव्हा, नाजूक हृदयाच्या बाईचा सर्वात कठीण तास नुकताच सुरू झालेला असतो.

आता धडधडीबद्दल. गरोदरपणात ती बहुसंख्य स्त्रियांना कधी ना कधी जाणवते आणि बहुसंख्य वेळा तिच्यात काळजीचे काही नसते. मधूनच एखादा ठोका लवकर पडतो, पाठोपाठ क्षणभर थांबल्यासारखे वाटते आणि पुढचा ठोका छातीत ‘दणकन’ लागतो. असे सुटे ठोके निरोगी हृदयातही पडतात. चहा-कॉफी कमी करणे आणि झोप पुरी करणे एवढ्यावर अनेकदा भागते. आपल्या देशात मात्र दोन गोष्टी आधी तपासायला हव्यात, रक्तक्षय आणि थायरॉइड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त पातळ असले की हृदय घाईने धावणारच. तिथे हृदयाचे औषध देऊन उपयोग नाही, लोह द्यायला हवे.

काळजीची धडधड वेगळी ओळखता येते. ती बटण दाबल्यासारखी अचानक सुरू होते आणि तशीच अचानक थांबते. नाडी मोजताच येणार नाही इतकी जलद असते. सोबत डोळ्यांपुढे अंधारी येते, शुद्ध हरपते, छातीत दुखते किंवा आडवे पडल्यावर दम लागतो. घरात कोणी तरुण वयात झोपेत किंवा पोहताना अचानक गेले असेल, स्वतःला लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल किंवा हृदयावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर साध्या वाटणाऱ्या धडधडीचाही ईसीजी काढलाच पाहिजे. त्या तपासणीने बाळाला कोणताही अपाय होत नाही. ‘कळा लागण्याआधीची घाबरगुंडी’ असे म्हणून परत पाठवलेल्या बायकांची संख्या कोणी मोजत नाही. तरुण बाईच्या तक्रारीला ‘टेन्शन’ हे लेबल लावण्याची आपल्याकडच्या दवाखान्यांची सवय जुनी आहे आणि ती फक्त पुरुष डॉक्टरांपुरती नाही.

गरोदरपणात सर्वाधिक आढळणारा टिकून राहणारा जलद लयीचा प्रकार म्हणजे एसव्हीटी. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी विजेची वाट साधारणपणे एकच असते. काहींना जन्मतःच एक जादा वाट असते. वीज एका वाटेने खाली उतरते, दुसरीने वर चढते आणि गोल गोल फिरत राहते. नाडी दीडशे-दोनशेच्या घरात जाते. जीव घाबरा करणारा हा प्रकार बहुधा जीवघेणा नसतो. तो लग्नाआधीच माहीत असेल, तर त्यावर कायमचा इलाज आहे. मांडीतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन ती जादा वाट जाळून टाकायची, याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. नेहमीच्या एसव्हीटीमध्ये याचे यश नव्वद टक्क्यांहून अधिक आहे आणि रुग्ण सहसा दुसऱ्या दिवशी घरी जाते. गरोदर होण्याचा विचार असेल आणि झटके वारंवार येत असतील, तर ही प्रक्रिया आधी उरकून घेणे शहाणपणाचे, यावर तज्ज्ञांचे दुमत नाही. गरोदरपणात ती करण्याची वेळ क्वचितच येते. आता क्ष-किरण जवळजवळ न वापरता त्रिमितीय नकाशाच्या साहाय्याने ती करता येत असल्याने अगदीच नाइलाज झाला तर तोही मार्ग बंद नाही.

गरोदर असताना झटका आलाच तर पहिला उपाय औषधाविना आहे. श्वास रोखून, शौचाला बसल्यासारखा जोर लावायचा. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत (त्यात गरोदर स्त्रिया नव्हत्या) जोर लावून झाल्याबरोबर रुग्णाला आडवे करून पाय उंच धरले, तेव्हा यशाचे प्रमाण १७ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. पोट मोठे असेल तर सपाट पाठीवर न झोपवता डाव्या कुशीकडे थोडे कलते ठेवावे लागते, एवढाच फरक. त्याने भागले नाही तर अ‍ॅडेनोसिन हे इंजेक्शन. शिरेतून वेगाने दिल्यावर ते रक्तात काही सेकंदच टिकते, त्यामुळे बाळापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. आणि आईचा रक्तदाब कोसळत असेल तर विजेचा झटका. गरोदर बाईला ‘शॉक’ द्यायचा म्हटले की नातेवाईकच नव्हे, काही डॉक्टरही मागे सरतात. पण कोणत्याही महिन्यात तो देता येतो. बाळापर्यंत पोहोचणारी वीज फार थोडी असते. बाळाला खरा धोका आईचा रक्तदाब खाली राहण्यात आहे.

औषधांविषयीची भीती हा या साऱ्या प्रकरणातला सर्वात अवघड भाग. ‘दिवस गेले, आता सगळ्या गोळ्या बंद’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. सासू देते, शेजारीण देते, कधी औषधांच्या दुकानातला माणूसही देतो. काही औषधांच्या बाबतीत तो योग्य ठरतो आणि काहींच्या बाबतीत तोच जिवावर बेततो. म्हणून सरसकट नियम इथे चालत नाही. बीटा ब्लॉकर या गटातील मेटोप्रोलॉल आणि प्रोप्रानोलॉल ही औषधे अनेक दशके गरोदर स्त्रियांना दिली जात आहेत. बाळाची वाढ सोनोग्राफीवर पाहत राहायचे आणि जन्मानंतर एक-दोन दिवस त्याची साखर व नाडी तपासायची, एवढी दक्षता पुरते. त्याच गटातले अ‍ॅटेनोलॉल मात्र बाळाची वाढ खुंटवण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे, ते बदलावे. अमिओडॅरोन हे लयीवरचे प्रभावी औषध आयोडीनने भरलेले असते. त्याने बाळाची थायरॉइड ग्रंथी बिघडू शकते. शिवाय ते शरीरातून बाहेर पडायला महिनोन्‌महिने लागतात. पाळी चुकल्यावर ते थांबवून फारसे काही साधत नाही, निर्णय कितीतरी आधी घ्यावा लागतो. गरोदरपणाआधी डॉक्टरांना भेटा, हा सल्ला कोरडा उपदेश वाटू नये म्हणून हे एकच उदाहरण पुरेसे आहे.

पण भारताचा स्वतःचा, युरोपच्या पुस्तकात अर्ध्या पानात संपणारा प्रश्न वेगळा आहे. तो म्हणजे संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा. चेन्नईच्या नोंदींमध्ये ४२ टक्के गरोदरपणांत हाच आजार होता. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात. दोन आठवड्यांत मूल बरे होते आणि सगळे विसरतात. आत मात्र हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेवर व्रण पडतात आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती आकसत जाते. दाट वस्तीत, कोंदट घरांत हा आजार अधिक. श्रीमंत देशांतून तो जवळपास गेला, म्हणून त्याच्यावरचे संशोधनही आटले. जागतिक आरोग्य सभेने त्याची दखल घेणारा ठराव केला, तो थेट २०१८ मध्ये.

अशा आकसलेल्या झडपेतून रक्त पुढे जायला वेळ लागतो. गरोदरपणात नाडी जलद झाली की दोन ठोक्यांमधला वेळ घटतो, रक्त झडपेमागे तुंबते आणि त्याचा दाब फुप्फुसांवर येतो. वरचा कप्पा फुगतो. फुगलेल्या कप्प्याची लय एक दिवस साफ विस्कटते. ठोके एका तालात पडायचे सोडून कप्पा नुसता थरथरत राहतो. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. नाडी एकशे चाळीस-पन्नास, तीही बेताल. सहा महिन्यांची गरोदर, कालपर्यंत धुणीभांडी करणारी बाई आज श्वास घेण्यासाठी उठून बसते आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. तिला दमा समजून नाडी वाढवणारी दम्याची औषधे दिली गेली तर नाडी आणखी धावते आणि फुप्फुसांत आणखी पाणी साठते. नाडीवर बोट ठेवून ती बेताल आहे हे ओळखणारी परिचारिका अशा वेळी महागड्या यंत्राइतकी मोलाची असते.

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी होते, ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध लागतेच आणि तिथे पेच उभा राहतो. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी वॉरफरिन व असेनोकुमारॉल ही औषधे वारेतून बाळापर्यंत जातात. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्यांच्यामुळे बाळाच्या नाकाच्या व हाडांच्या घडणीत दोष येऊ शकतो. गावाकडे गरोदरपणाची नोंदणी होईपर्यंत त्यातले निम्मे आठवडे उलटून गेलेले असतात. हेपॅरिनची इंजेक्शने बाळापर्यंत जात नाहीत, पण ती बहुधा दिवसातून दोनदा टोचून घ्यावी लागतात आणि स्वस्त नाहीत. गेल्या काही वर्षांत आलेल्या नव्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. शिवाय या विशिष्ट झडपेच्या आजारात जुने औषधच सरस ठरले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत दिसले. म्हणून अशा बाईने पाळी चार दिवस जरी लांबली तरी लगेच तपासणी करून डॉक्टरांना गाठावे. औषध आपल्या मनाने थांबवणे आणि आपल्या मनाने चालू ठेवणे, दोन्ही सारखेच धोक्याचे.

यातला बराचसा गुंता आधीच सुटू शकतो. झडप अरुंद आहे हे गरोदरपणाआधी कळले तर मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते. आपल्या देशातल्या हृदयरोगतज्ज्ञांचा या प्रक्रियेतला अनुभव दांडगा आहे. वेळ पडली तर पोटावर शिशाचे आवरण घालून गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांतही ती केली जाते. तीन आठवड्यांनी घेतले जाणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन मात्र गरोदरपणातही सोडू नये. ते बाळाला सुरक्षित आहे.

याच्या अगदी उलट स्वभावाचा आजार म्हणजे लाँग क्यूटी. झडपा ठीक, स्नायू ठीक, सोनोग्राफीत काही दिसत नाही. दोष पेशींच्या पडद्यावरील सूक्ष्म वाहिन्यांमध्ये असतो आणि तो फक्त ईसीजीच्या कागदावर, दोन लहरींमधल्या लांबलेल्या अंतरात दिसतो. अशा व्यक्तीचे हृदय एखाद्या क्षणी भलतीच वेगवान लय पकडते, माणूस कोसळतो. नशीब चांगले असेल तर लय आपोआप परत येते. अशा मुलींना फिट येते असे समजून वर्षानुवर्षे फिटचीच औषधे दिली गेल्याची उदाहरणे वैद्यकात नवी नाहीत.

लाँग क्यूटीमध्ये गरोदरपणाचे नऊ महिने तुलनेने शांत जातात. धोका वाढतो तो बाळंतपणानंतरच्या नऊ महिन्यांत, विशेषतः या आजाराच्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रकारात. या प्रकारात अचानक कानावर पडलेला आवाज, त्यातही झोपेतून दचकून जागे करणारा, हाच झटक्याचे निमित्त ठरतो. बाळंतिणीच्या खोलीचा विचार करा. रात्री दोन वाजता बाळ टाहो फोडते, ती दचकून उठते. पुन्हा चार वाजता तेच. झोपेचे खोबरे झालेले, संप्रेरके एका झटक्यात खाली आलेली. एरवी ज्या आवाजाने आईला पान्हा फुटतो, तोच इथे घातक ठरू शकतो. उपाय साधा आहे, बीटा ब्लॉकर गोळी एक दिवसही न चुकवणे. गरोदरपणात ती घ्यायची, बाळंतपणानंतर घ्यायची आणि अंगावर पाजत असतानाही घ्यायची. रात्री बाळाला उचलण्याची पहिली जबाबदारी नवऱ्याने किंवा आईने घ्यावी, असेही तज्ज्ञ सांगतात. मोबाइलचा गजर उशाशी नको.

आणखी एक गोष्ट प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि प्रत्येक कुटुंबाला माहीत हवी. गरोदरपणातल्या उलट्यांवर सर्रास दिले जाणारे ऑन्डॅनसेट्रॉन, खोकल्या-तापावर दिले जाणारे अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि दूध वाढावे म्हणून बाळंतिणीला दिले जाणारे डोम्पेरिडोन, ही तिन्ही औषधे तेच अंतर आणखी लांबवतात. निरोगी बाईला त्याने सहसा काही होत नाही. लाँग क्यूटी असलेल्या बाईला मात्र ती चालत नाहीत. त्यातच उलट्यांमुळे पोटॅशियम घटलेले असेल तर मुळीच नाही. ही औषधे आपल्याकडे दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात, हे वेगळे सांगायला नको. हा आजार आनुवंशिक आहे आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते; त्यामुळे बाळाचा ईसीजी हा तपासणीचाच भाग समजावा.

इथवर जे लिहिले ते वैद्यकशास्त्राचे झाले. आपल्या समाजाची गाठ यापुढे आहे. मुलीच्या हृदयात काही दोष आहे हे कळले की मायबापांची पहिली चिंता उपचाराची नसते, स्थळाची असते. आजार लपवला जातो. लग्नानंतर गोळ्यांची पट्टी सासरच्या कपाटात सापडू नये म्हणून ती गोळी बंद करते. फाइल माहेरी राहते. दिवस गेल्यावर नोंदणीच्या वेळी सासूबाई शेजारी बसलेल्या असताना ‘आधीचा काही आजार?’ या प्रश्नाला उत्तर येते, ‘काही नाही.’ पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी जायची आपली रीत प्रेमाची आहे, पण तिच्यामुळे डॉक्टर बदलतात तेही नेमके हृदयावरचा भार कळसाला पोहोचत असताना. सांगलीच्या डॉक्टरांनी ठरवलेली औषधे नांदेडच्या डॉक्टरांना ठाऊक नसतात. हृदयाचे दुखणे असलेल्या मुलीने बाळंतपण कुठे करायचे ते पाचव्या महिन्यापूर्वी ठरवावे. माहेर की सासर यापेक्षा रात्री हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ कुठे मिळतील, हे पाहून. नोंदणीच्या वेळी प्रत्येक बाईशी पाच मिनिटे एकटीने बोलण्याची पद्धत दवाखान्यांनी पाडली तर कितीतरी आजार त्या पाच मिनिटांत बाहेर येतील. त्याला पैसा लागत नाही, नातेवाइकांना बाहेर बसायला सांगण्याचा ठामपणा लागतो.

प्रसूतीबद्दलही एक गैरसमज घट्ट आहे. हृदय नाजूक म्हणजे सिझेरियन, असे घरचे धरून चालतात आणि काही रुग्णालयेही. प्रत्यक्षात हृदयाच्या बहुतेक आजारांत पहिली पसंती नैसर्गिक प्रसूतीलाच आहे. कळांच्या वेदना कमी करण्यासाठी पाठीतून दिली जाणारी एपिड्युरल भूल इथे चैन ठरत नाही. वेदना कमी झाल्या की नाडी आटोक्यात राहते. अकाली कळा थांबवण्यासाठी आपल्याकडे वापरले जाणारे आयसॉक्सुप्रिन नाडी वाढवते, म्हणून जलद लयीच्या रुग्णांत ते टाळावे लागते. पेसमेकर बसवलेली स्त्री आई होऊ शकते का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. होऊ शकते. सिझेरियन करावे लागले आणि त्यात विजेच्या उपकरणाने रक्त थांबवायचे असेल, तर यंत्राची आधी तपासणी आणि जुळणी करून घ्यावी लागते, इतकेच.

युरोपच्या नव्या तत्त्वांचा गाभा आहे ‘प्रेग्नन्सी हार्ट टीम’, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि नवजात शिशूंचे डॉक्टर यांनी एकत्र बसून एकच लेखी आराखडा करणे. आणि तो करताना त्या बाईला काय हवे आहे हे विचारणे. जोखीम जास्त असली तरी नुसते ‘तुम्ही आई होऊ नका’ असे सांगून विषय संपवू नये, माहिती देऊन निर्णयात तिला सामील करावे, असा त्यांचा सूर आहे. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत हे शक्य आहे. गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये ते आजच्या आज होणार नाही हे मान्य करावे लागेल. पण त्याच्या अलीकडच्या बऱ्याच गोष्टी हाताशी आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची तपासणी डॉक्टरांकडून होते. शाळा-अंगणवाड्यांतील मुलांच्या तपासणीच्या कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकार, दोन्हींचा समावेश आहे. २०२२ च्या नवरात्रात राज्याने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम राबवली. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी लहान रुग्णालयांत ईसीजी काढून तो दूरच्या तज्ज्ञाला दाखवण्याची पद्धतही राज्याला नवी नाही. तेच यंत्र, तीच तार. त्यावर महिन्यातून एक दिवस धडधडीची किंवा दम लागण्याची तक्रार असलेल्या गरोदर बायकांना झोपवायचे. नवे टेंडर काढावे लागणार नाही.

शाळेत हृदयाची कुजबुज ऐकू आलेली बारा वर्षांची मुलगी बावीसाव्या वर्षी गरोदर म्हणून नोंदवली जाते, तेव्हा या दोन नोंदी एकमेकींना भेटत नाहीत. पहिली एका कार्यक्रमाची, दुसरी दुसऱ्या. मातामृत्यूच्या चौकशीतही ‘हृदयविकार’ असे एका शब्दात कारण लिहिले की प्रकरण मिटते. झडपेचा होता की लयीचा, शेवटचा ईसीजी कधी काढला, औषध कोणी बंद केले, हे प्रश्न विचारले तरच पुढची बाई वाचण्याची शक्यता निर्माण होते.

आणि सर्वात साधी गोष्ट. गरोदर बाईला मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर पूर्वीच्या आजारांमध्ये हृदयविकाराची नोंद करायची जागा आहे, आणि प्रत्येक तपासणीच्या रकान्यांत वजन व रक्तदाबाच्या शेजारी नाडीचाही रकाना आहे. बेताल नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणली तर आकडा चुकतो आणि बेतालपणाही निसटतो. पूर्ण एक मिनिट मोजावी लागते. ओळीत ऐंशी बायका बसलेल्या असताना प्रत्येकीला ते मिनिट मिळायचे, तर एका परिचारिकेचे ऐंशी मिनिटांचे काम होते. तेवढ्या परिचारिका तिथे आहेत का, हे त्या कार्डावर कुठे लिहिलेले नसते.